समोर नसलेल्या श्रोत्याशी बोलताना : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ जॅनेट बॅव्हेलस आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका व्यक्तीने स्वतःवर गुदरलेला, पण थोडक्यात निभावलेला एखादा प्रसंग अनोळखी व्यक्तीला सांगायचा, एवढंच त्यात होतं. मात्र ऐकणाऱ्यांपैकी काहींना एक वेगळं काम दिलेलं होतं. सांगणाऱ्याच्या बोलण्यात ‘टी’ या इंग्रजी अक्षराने सुरू होणारे शब्द किती येतात, ते त्यांनी मोजायचे होते. हे श्रोते समोरच बसले होते, ऐकतही होते. पण जिथे दचकायचं, जिथे ‘अरे बापरे’ म्हणायचं, तिथे त्यांच्याकडून काहीच येत नव्हतं. त्याचा फटका बसला तो सांगणाऱ्याला. गोष्टी फसल्या, आणि सगळ्यात जास्त फसले ते शेवट. कुणी शेवट घाईत उरकला, कुणी तोच दोनदोनदा सांगितला, तर कुणी प्रसंग खरोखरच कसा भयंकर होता हे पटवून देत बसलं.

नव्या अभ्यासकाच्या हाती सगळ्यात आधी मी हा प्रयोग ठेवते. चांगलं सांगणं हा सांगणाऱ्याचा अंगचा गुण आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. प्रयोग असं दाखवतो की तो गुण निम्मा तरी ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर अवलंबून असतो. मग बंद खोलीत माईकसमोर बसून, ज्यांना कधी पाहिलेलं नाही आणि जे आपलं बोलणं आठवड्याने किंवा वर्षाने ऐकणार आहेत, अशांशी माणूस बोलतो तरी कसा? आणि त्यातलं काही बोलणं ऐकताना ‘हा माझ्याशीच बोलतोय’ असं का वाटतं, काही ऐकताना का वाटत नाही? पॉडकास्टच्या निवेदकाचं श्रोत्याशी जुळणारं नातं हा आपला विषय आहे, आणि या प्रश्नांपासून तो सुरू होतो.

या विषयाचं स्वतंत्र दालन अजून फारसं कुठे नाही. त्याचा काही भाग समाजशास्त्रात सापडतो, काही भाषाविज्ञानात, काही लोकसाहित्यात, काही ध्वनिमुद्रणाच्या तंत्रात. त्यामुळे इथे येणारा कोणत्याही दाराने आत येऊ शकतो. लोककलांचा अभ्यास करणाऱ्याला आपण इथे परके आहोत असं वाटायचं कारण नाही. मराठीत तर या प्रश्नाचा सगळ्यात जुना विचार त्याच्याच अंगणात झालेला आहे.

ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय उघडून पाहावा. गीतेचा अर्थ सुरू होण्याआधी ज्ञानदेव श्रोत्यांची दीर्घ विनवणी करतात. तुम्ही लक्ष द्या, सुख तुमचंच आहे, असं ते सांगतात. हे गर्वाने म्हणत नाही, हेही जोडतात. आणि बोलणं श्रोत्याच्या अवधानावरच पोसलं जातं, असा स्पष्ट सिद्धान्त मांडतात. शके १२१२ मधलं, म्हणजे इ. स. १२९० मधलं हे विवेचन आहे. याला निव्वळ नम्रतेचा संकेत मानून पुढे जाणं मला चुकीचं वाटतं. ज्याच्यापुढे रोज माणसं बसत होती, अशा निरूपणकाराचं हे अनुभवाचं बोलणं आहे.

आपल्या लोककलांनी तर श्रोत्याचा प्रतिसाद नशिबावर सोडलाच नाही. गोंधळात नाईक आख्यान लावतो आणि शेजारी उभा असलेला साथीदार मध्येच शंका काढतो, भाबडेपणाने काहीतरी विचारतो, ‘मग पुढं?’ म्हणतो. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी ‘जी जी’ची साथ धरतात. वारकरी कीर्तनात टाळकरी चरण उचलतात आणि तेवढ्यात कीर्तनकाराला श्वास घ्यायला, समोरच्या मंडळींकडे पाहायला उसंत मिळते. म्हणजे समोर हजारभर माणसं बसलेली असतानाही एक श्रोता रंगमंचावर उभा केलेला आहे. सगळ्यांच्या वतीने दचकणं, हसणं, न कळणं हे त्याचं काम. पॉडकास्टमध्ये दोन होस्ट का असतात, पाहुण्यापुढे बसलेला होस्ट नेमकं काय करत असतो, हे समजून घ्यायला या साथीदाराइतका चांगला आधार मला दुसरा माहीत नाही. निवेदक म्हणजे मुख्य बोलणारा, असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं असं की तो आधी श्रोत्याचा प्रतिनिधी असतो, आणि त्याचं ऐकणं किती खरं आहे यावर नातं जुळणं ठरतं. यापुढचं सगळं विवेचन या एका म्हणण्याभोवती आहे.

रेडिओ आला तेव्हा हा साथीदार नाहीसा झाला. बीबीसीच्या भाषण विभागाची सूत्रं १९२७ मध्ये हिल्डा मॅथेसन यांच्याकडे आली. मोठमोठे विद्वान, मंत्री, लेखक माईकसमोर येत आणि सभेत बोलावं तसं बोलत, नाहीतर निबंध वाचून दाखवत. ऐकणारा मात्र आपल्या घरात एकटा किंवा दोघांचौघांत बसलेला असे. त्याला सभेचा आवाज उपरा वाटतो, हे मॅथेसन यांनी ओळखलं. वक्त्यांकडून त्या तालीम करून घेत. लिहिलेलं असलं तरी ते एका माणसाशी बोलल्यासारखं वाटलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. आज पॉडकास्टच्या प्रत्येक कार्यशाळेत ‘एकाच श्रोत्याशी बोला’ असं सांगतात, त्याचं मूळ या कामात आहे.

पण एकाशी बोलल्याचा भास आणि ऐकणारे लाखो, यातली गाठ कशी सुटते? पॅडी स्कॅनेल या ब्रिटिश अभ्यासकाने याचं नेमकं उत्तर दिलं. प्रसारणातलं बोलणं कुणालाही लागू पडेल असं असतं, आणि तरी ज्याच्या कानी पडतं त्याला ते व्यक्तिशः आपल्याला उद्देशून वाटतं. इंग्रजीतल्या ‘यू’ या सर्वनामाला ही दुहेरी कसरत सहज जमते. मराठीत काय होतं, हा प्रश्न आपल्याला आपल्यापुरता सोडवावा लागेल आणि तो फार सुंदर आहे. ‘श्रोतेहो’ म्हटलं की आकाशवाणी आठवते, ‘मंडळी’ म्हटलं की सतरंजीवर बसलेला जमाव. ‘तू’ म्हणावं तर जवळीक येते, पण ‘तू ऐकतोयस’ की ‘तू ऐकतेयस’, हे क्रियापद लगेच विचारतं आणि अर्धे श्रोते बाहेर राहतात. ‘तुम्ही’ मात्र एकाच वेळी एका माणसाचा मान राखतो आणि अनेकांना सामावतो. ‘आपण’मध्ये तर बोलणारा श्रोत्याला सोबत घेऊनच चालतो, ‘आम्ही’ म्हणताच त्याला उंबऱ्याबाहेर ठेवतो. एखाद्या निवेदकाच्या दहा भागांत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ कुठे कुठे बदलतात, एवढं पाहिलं तरी तो कुणाला घरातलं धरतो आणि कुणाला पाहुणा, हे उघड होतं.

भारतीय उपखंडातल्या प्रसारणाचा विचार अमीन सायानींना वगळून करता येत नाही. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवरून बिनाका गीतमाला सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा आणि टेप विमानाने कोलंबोला जायच्या. म्हणजे आजच्या पॉडकास्टरसारखेच सायानी बंद खोलीत, काही दिवसांनी ऐकणाऱ्या माणसांशी बोलत होते. त्यांच्या आवाजाची मोहिनी सगळे सांगतात. मला जास्त महत्त्वाची वाटते ती त्यांची आधीची तयारी. त्यांच्या आई कुलसूम सायानी गांधीजींच्या सूचनेवरून नवसाक्षरांसाठी ‘रहबर’ हे पत्र चालवत. ते देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत निघे. त्या कामात हातभार लावताना सोप्या हिंदुस्तानीची जी सवय लागली, तीच पुढे रेडिओवर उपयोगी पडली, असं ते सांगत. नुकतंच वाचायला शिकलेल्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून वाक्य घडवणं, हे श्रोता मनात उभा करण्याचं शिक्षणच होतं. उरलेलं काम पत्रांनी केलं. गीतमालेला हजारोंनी पत्रं येत आणि त्यातल्या गावांची, माणसांची नावं कार्यक्रमात येत. पत्र पाठवणाऱ्या एकाचं नाव घेतलं की न पाठवणाऱ्या अनेकांनाही आपली दखल घेतल्यासारखं वाटत असे.

पत्रव्यवहाराच्या पुढचं पाऊल आपल्याच मातीत पडलं, आणि आजच्या मराठी पॉडकास्टरांपैकी फार थोड्यांना त्याची माहिती असते. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने शेतकऱ्यांसाठी रेडिओ श्रोतामंडळांचा प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या मराठी भाषक जिल्ह्यांत दीडशे गावं निवडली गेली. प्रत्येक गावात वीसेक जणांचं मंडळ. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण २० कार्यक्रम. मंडळी एकत्र बसून ऐकत, कार्यक्रम संपला की त्यावर बोलत, अडलेले प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवत, आणि पुढच्या कार्यक्रमांतून त्यांना उत्तरं मिळत. कल्पना कॅनडातल्या शेतकरी मंडळांवरून घेतलेली होती.

प्रयोगाचं मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत पॉल न्यूराथ यांच्या मार्गदर्शनाखाली झालं आणि १९५९ मध्ये युनेस्कोने ते प्रसिद्ध केलं. त्याची रचना आजही शिकण्यासारखी आहे. तुलनेसाठी मंडळ नसलेली गावंही घेतली होती. त्यांतल्या काहींत रेडिओ होता, काहींत तोही नव्हता. कार्यक्रमांआधी आणि नंतर माहितीची चाचणी झाली. मंडळ असलेल्या गावांत माहितीत ठळक वाढ दिसली, निरक्षरांतसुद्धा. रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, तिथे फरक नगण्य होता. आवाज तोच, मजकूर तोच. फरक पडला तो ऐकल्यावर बोलायला जागा होती की नव्हती, याचा. श्रोत्याशी जुळणं म्हणजे निवेदकाचा गोड स्वर असं ज्याला वाटतं, त्याने हा अहवाल जरूर वाचावा. श्रोत्याचा प्रश्न पुढच्या कार्यक्रमाची दिशा बदलत होता आणि श्रोत्याला ते कळत होतं, ही या नात्याची खरी ताकद होती.

आता पॉडकास्टकडे येऊ. तांत्रिक जन्मकथा थोडक्यात सांगते. २००० च्या आसपास डेव्ह वायनर यांनी संकेतस्थळांवरचा नवा मजकूर आपोआप पोहोचवणाऱ्या आरएसएस या व्यवस्थेत ध्वनिफीत जोडायची सोय केली, ‘पॉडकास्टिंग’ हा शब्द बेन हॅमरस्ली यांच्या फेब्रुवारी २००४ मधल्या लेखात छापून आला, आणि जून २००५ मध्ये ॲपलने आपल्या आयट्यून्समध्ये पॉडकास्टना जागा दिली. रेडिओशी तुलना करता तीन गोष्टी बदलल्या. श्रोता स्वतः शोधून आला. ऐकण्याची वेळ त्याची झाली, त्यामुळे ‘शुभ संध्याकाळ’ निरर्थक ठरलं. भाग सोलापूरला सकाळच्या बसमध्ये ऐकला जातो आणि न्यू जर्सीत रात्री भांडी घासताना. आणि तिसरी म्हणजे इअरफोन.

या तिसऱ्या बदलाकडे थोडं थांबून पाहायला हवं. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९६६ मध्ये माणसामाणसांतल्या अंतरांचा अभ्यास मांडला. अमेरिकी समाजात साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत फक्त अगदी जवळच्या माणसाला प्रवेश असतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. पॉडकास्टचा माईक तोंडापासून वीतभर अंतरावर असतो. शिवाय एका दिशेचा आवाज टिपणाऱ्या माईकच्या जितकं जवळ जावं तितका आवाजातला खर्ज वाढतो; ध्वनितंत्रातली ही साधी भौतिक बाब आहे. तो आवाज इअरफोनमधून थेट कानात उतरतो आणि डोक्याच्या आतच उमटल्यासारखा वाटतो. श्वास, ओठ उघडल्याचा बारीक आवाज, हसू दाबताना झालेला स्वरातला बदल, सगळं ऐकू येतं. एरवी आईच्या, जोडीदाराच्या, कुजबुजणाऱ्या मैत्रिणीच्या आवाजालाच जी जवळीक असते, ती अनोळखी माणसाला आपोआप मिळते. म्हणून इथे घोषणेचा स्वर लावला की तो कानात ओरडल्यासारखा टोचतो. आणि म्हणूनच कुठलंही श्रेय न कमावता मिळालेली ही जवळीक निवेदकाने जपून वापरायची असते.

ऑक्टोबर २०१४ मध्ये आलेल्या ‘सिरियल’ने पॉडकास्टला फार मोठा श्रोतृवर्ग मिळवून दिला. एका जुन्या खुनाच्या खटल्याचा मागोवा घेणाऱ्या सारा केनिग त्यात आपल्या शंका उघडपणे बोलून दाखवतात, आज एक वाटतं, उद्या दुसरं. भाग प्रसारित होत असताना शोध सुरूच होता. माहिती देणाऱ्या अधिकारी आवाजाऐवजी श्रोत्याला इथे आपल्याइतकाच गोंधळलेला, आपल्याइतकाच उत्सुक आवाज भेटला. गोंधळातल्या साथीदाराची ‘मग पुढं?’ ही जागा निवेदिकेनेच घेतली होती.

मराठीत मात्र मुलाखतीचा पॉडकास्ट जास्त रुजला. दीड-दोन तासांच्या गप्पा, समोर दोन माईक आणि आता बहुधा कॅमेराही. इथे श्रोता तिसरा. जॉन हेरिटेज यांनी १९८५ मध्ये बातम्यांतल्या मुलाखतींबद्दल एक बारकावा दाखवला : मुलाखतकार उत्तर ऐकताना ‘हं’, ‘अच्छा’, ‘असं का’ हे सगळं टाळतो. उत्तर आपल्यासाठी नसून बाहेर ऐकणाऱ्यांसाठी आहे, हे तो त्या गप्प राहण्यातून दाखवत असतो. पॉडकास्टचा होस्ट नेमका उलट वागतो. तो ‘अगदी’, ‘बरोबर’, ‘काय सांगताय’ असा हुंकार भरत राहतो. हा हुंकार खरा असेल तर तो श्रोत्याच्या मनातलाच वाटतो. श्रोता जिथे चमकला तिथेच होस्ट चमकतो आणि दोघांत न भेटताही ओळख होते. पण पुढचा प्रश्न कागदावर शोधत असताना सवयीने म्हटलेलं ‘बरोबर, बरोबर’ लगेच कळतं. पाहुणा एखाद्या मृत्यूबद्दल सांगतो आणि होस्ट ‘क्या बात है’ म्हणून पुढच्या मुद्द्यावर जातो, तेव्हा श्रोत्याचा प्रतिनिधीच खुर्ची सोडून उठलेला असतो. बॅव्हेलस यांच्या प्रयोगातल्या शब्द मोजणाऱ्यांसारखीच ही स्थिती आहे, आणि पाहुण्याची गोष्ट तिथूनच ढासळू लागते. प्रश्नांची तयारी करू नये, असं मी म्हणत नाही. तयारी एवढी पक्की हवी की उत्तर चालू असताना कागदाची आठवण होऊ नये.

मौनाबद्दलही बोलायला हवं. तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जगातल्या १० भाषांमधल्या संभाषणांचं मोजमाप प्रसिद्ध केलं. प्रश्न आणि उत्तर यांच्यामधलं अंतर सरासरी सेकंदाच्या एकपंचमांशाच्या आसपास भरलं. म्हणजे अर्ध्या सेकंदाचं थांबणंसुद्धा माणसाच्या कानाला अर्थपूर्ण वाटतं. आता एडिट करताना असे थांबे सरसकट कापले जातात आणि भाग ‘घट्ट’ झाला म्हणून समाधान मानलं जातं. त्या थांब्यात पाहुणा विचार करत होता, हे श्रोत्याला आता कधीच कळणार नाही. त्या १० भाषांत मराठी नव्हती. आपल्या बोलण्यातल्या या जागा मोजायच्या बाकी आहेत.

या क्षेत्राची एक बाजू जड आहे आणि ती परिशिष्टात ढकलायला माझा ठाम विरोध आहे. २१ सप्टेंबर १९४३ रोजी अमेरिकी गायिका केट स्मिथ सकाळपासून मध्यरात्र उलटेपर्यंत १८ तास रेडिओवर येत राहिल्या आणि युद्धरोखे घ्या असं आवाहन करत राहिल्या. त्या ६५ वेळा बोलल्या. सुमारे ३ कोटी ९० लाख डॉलर्सची वचनं मिळाली. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १०० श्रोत्यांच्या सविस्तर मुलाखती घेऊन १९४६ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. लोकांना पटलं होतं ते तिचं मनापासून असणं. ती आपल्यासाठी थकते आहे, हे त्यांना आवाजातून ऐकू येत होतं. पण मर्टन तिथे थांबले नाहीत. माणसांना सच्चेपणाची इतकी भूक असते, तेव्हा आपुलकीचा देखावा करून त्यांच्याकडून काहीही करून घेता येईल, हा धोका त्यांनी स्पष्ट सांगितला. पुढे १९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी प्रसारणातून निर्माण होणाऱ्या या दूरस्थ जवळिकीची मीमांसा केली. श्रोता निवेदकाला ओळखतो, निवेदक श्रोत्याला ओळखत नाही. नातं एका बाजूचं असतं, तरी ते बनावट किंवा वेडगळ नसतं.

पॉडकास्टमध्ये हा प्रश्न रोजचा झाला आहे. तोच विश्वासाचा आवाज, त्याच अंतरावरून, गप्पांच्या ओघात एखाद्या गुंतवणूक योजनेची किंवा औषधी गोळ्यांची शिफारस करतो. कुठे गप्पा संपल्या आणि कुठे जाहिरात सुरू झाली, हे स्वरातून कळलं पाहिजे. नातं जोडण्याची कला शिकवताना याची शिकवण पहिल्याच दिवशी द्यावी, असं मला वाटतं. कारण जी युक्ती एकाकी म्हाताऱ्या माणसाला दुपारी सोबत करते, तीच त्याची पुंजीही हिरावू शकते.

आकड्यांबद्दल एवढंच. डाउनलोड म्हणजे ऐकणं नव्हे, आणि श्रोते कोणत्या मिनिटाला निघून गेले हे दाखवणारा आलेख ते का गेले हे सांगत नाही. कुणाचं उतरायचं स्थानक आलं असेल, कुणाचं मूल जागं झालं असेल. श्रोत्यांशी बोलल्यावाचून ते कळत नाही. पुणे केंद्राच्या प्रयोगासाठी अभ्यासक गावोगावच्या लोकांपर्यंत पोहोचले होते. आजच्या सोयी पाहता आपल्याला त्याहून कमी करण्याची सबब नाही.

नव्याने येणाऱ्यांनी काम कुठून सुरू करावं, असं विचारलं जातं. आपल्या आवडीची एक मराठी मुलाखत घ्या आणि तिची सलग दहा मिनिटं कागदावर उतरवा. वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणारा पाहुणा असेल तर उत्तम. होस्टची प्रमाण भाषा त्याच्या बोलीकडे झुकते की पाहुणाच होस्टकडे सरकतो, हेही दिसेल. प्रत्येक ‘हं’, प्रत्येक ‘अं’, एकमेकांवर चढलेले शब्द, हसणं, श्वास आणि थांबे जिथल्या तिथे नोंदवा. मग होस्टच्या हुंकारांवर वेगळ्या रंगाने खुणा करून पुन्हा ऐका आणि आपण स्वतः कुठे ‘अरे’ म्हणालो असतो, ते समासात लिहा. दोन्ही खुणा कुठे जुळतात, कुठे चुकतात, ते पाहिल्यावर त्या होस्टला गाठा आणि चुकलेल्या जागांवर त्या वेळी त्याच्या मनात काय चाललं होतं, ते विचारा.